कलम १०३ लागले म्हणजे खूनच ठरला का? आणि वकील नेमका कधी लागतो?

बांधावरचा_वाद

मेव्हण्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागले आहे. प्रकार असा: शेताच्या बांधावरून दोन घरांचा वाद, आधी बाचाबाची, मग झोंबाझोंबी. मेव्हण्याने तिथेच पडलेला फावड्याचा दांडा उचलून समोरच्याच्या डोक्यात एक फटका मारला, असे फिर्यादीत आहे. मेव्हण्याच्याही डाव्या हातावर विळ्याचा वार आहे, पण फिर्यादीत त्याचा उल्लेख नाही. जखमी माणूस नवव्या दिवशी दवाखान्यात वारला. सुरुवातीला ११८(२) (धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत), ३५२ (शांतताभंग व्हावा म्हणून अपमान) आणि ३(५) (समान उद्देश) होते, मृत्यूनंतर कलमवाढ होऊन १०३(१) आले. मेव्हणा आणि त्याचा धाकटा भाऊ अटकेत आहेत, आज पोलीस कोठडीचा तिसरा दिवस. धाकट्याच्या हातात काहीच नव्हते.

विचारायचे ते असे. खून आणि सदोष मनुष्यवध यांत व्यवहारात फरक काय पडतो? नातेवाईक म्हणतात, "आत्ता वकिलावर पैसे घालवू नका, चार्जशीट आल्यावर बघू." हे बरोबर आहे का? सरकारतर्फे मिळणारा वकील अशा खटल्यात चालतो का? ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनीच सांगावे ही विनंती.

---

सत्र_खटले

फरक किती पडतो ते शिक्षेवरूनच कळेल. कलम १०३(१), म्हणजे खून : फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड. न्यायाधीशांना वाटले तरी जन्मठेपेखाली जाता येत नाही. कलम १०५, सदोष मनुष्यवध : यात दोन भाग आहेत. मारण्याचा, किंवा मृत्यू घडू शकेल अशी इजा करण्याचा हेतू असेल तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षे. हेतू नव्हता पण यातून मृत्यू होऊ शकतो याची जाणीव होती, तर १० वर्षांपर्यंत, आणि इथे किमान शिक्षेची अट नाही. कलम १०६(१), निष्काळजीपणामुळे मृत्यू : ५ वर्षांपर्यंत, आणि तो जामीनपात्र आहे. पहिले दोन सत्र न्यायालयात चालतात, तिसरा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. म्हणजे एकाच मृत्यूसाठी कोणी पोलीस ठाण्यातूनच जामिनावर घरी येतो आणि कोणी जन्मठेप भोगतो. मधला फरक असतो तो मारणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होते याचा, आणि ते कोर्टात कशावरून सिद्ध होते याचा.

(घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागते : ३०२, ३०४, ३०४-अ. खालचे जुने निवाडे त्याच कलमांवरचे आहेत, पण व्याख्या तशाच राहिल्यामुळे आजही लागू पडतात.)

कलम १०० मध्ये सदोष मनुष्यवधाची व्याख्या आहे आणि १०१ मध्ये त्यातला कोणता प्रकार खून ठरतो ते दिले आहे. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, उलट मात्र नाही. तुमच्या प्रकरणात सरकार पक्षाचा भर बहुधा १०१ च्या तिसऱ्या पोटकलमावर राहील : जी इजा करायची होती ती निसर्गक्रमाने मृत्यू घडवायला पुरेशी होती. याचा अर्थ १९५८ च्या विरसा सिंग खटल्यापासून ठरलेला आहे. "मला त्याला मारायचे नव्हते" एवढे म्हणून सुटका होत नाही. तीच इजा, त्याच जागी करायचा हेतू होता का, एवढेच आरोपीच्या मनाबद्दल पाहतात. ती इजा मृत्यूला पुरेशी होती का, हे डॉक्टरांच्या पुराव्यावरून वस्तुनिष्ठपणे ठरते. म्हणून बचावाचा प्रश्न असा असतो : फटका डोक्यावरच मारायचा होता, की झोंबाझोंबीत खांद्यावर मारायला गेला आणि डोक्यावर बसला?

दुसरी वाट १०१ च्या अपवादांची. पाच अपवाद आहेत. तुमच्या कामाचा चौथा : आधी ठरवलेले नसताना, अचानक उद्भवलेल्या भांडणात, रागाच्या भरात कृत्य झाले, आणि आरोपीने गैरफायदा घेतला नाही किंवा क्रूरपणा केला नाही. चारही गोष्टी एकत्र लागतात. पडलेल्या माणसावर पुन्हा वार केले की हा अपवाद गेला. गंभीर आणि अचानक चिथावणीचा अपवाद वेगळा आहे, तो लोक सहज वापरायला जातात. नानावटी खटल्यात (१९६१) तो नाकारला गेला, कारण चिथावणी आणि गोळ्या झाडणे यांच्यात राग शांत व्हायला पुरेसा वेळ गेला होता आणि मधल्या वेळात रिव्हॉल्व्हर मिळवण्याइतका विचार झालेला होता. तुमच्या बाजूने चांगले एवढेच, की दांडा तिथलाच होता, घरून आणलेला नव्हता. हे घटनास्थळ पंचनाम्यात आणि साक्षीदारांच्या जबाबात कसे उतरते त्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते (साक्ष्य अधिनियम, कलम १०८), पण संशयातीत नव्हे, संभाव्यतेच्या पातळीवर. सरकार पक्षाच्याच साक्षीदारांच्या तोंडून तो दिसला तरी चालतो, आणि बहुतेक वेळा उलटतपासणीतून तसाच दाखवला जातो.

---

गावकी

एवढा विचार कशाला? एकच फटका आहे, म्हणजे १०५ चा दुसरा भाग. ठरलेलेच आहे.

---

सत्र_खटले

असे काही ठरलेले नाही. एका वाराचेही खून ठरले आहेत. पुलिचेर्ला नागराजू खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने काय काय पाहायचे ते सांगितले आहे : हत्यार कसले, ते सोबत आणले की जागेवर उचलले, वार नाजूक जागी आहे का, जोर किती, भांडण अचानक होते का, आधीचे वैर, चिथावणी, राग, गैरफायदा, वार एक की अनेक. वारांची संख्या ही त्यातली फक्त एक बाब. आणि इथे बांधाचा वाद जुना असेल तर आधीचे वैर सरकार पक्षाच्या हातात आयतेच पडते. मागच्या तक्रारी, मोजणीचे अर्ज, दिवाणी दावा हे सगळे ते हेतू दाखवायला आणतील.

---

लोकअभिरक्षक_कार्यालय

वकिलाबद्दल लिहितो. "चार्जशीट आल्यावर बघू" हा सल्ला खुनाच्या प्रकरणात सर्वात महाग पडतो. पहिल्या आठवड्यात हातून गेलेल्या काही गोष्टी नंतर कितीही मोठा वकील लावून परत येत नाहीत.

अटकेची कारणे लेखी दिली होती का ते आधी तपासा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि अटकेच्या क्षणी शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी. ते झाले नसेल तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदेशीर ठरू शकतात. मात्र हे वेळेवर, रिमांडच्या सुनावणीतच मांडावे लागते. त्याने खटला संपत नाही, पोलीस पुन्हा रीतसर अटक मागू शकतात, हेही माहीत असू द्या.

पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंतच. पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात (कलम १८७), ती सलग नसली तरी चालते. खुनासारख्या गुन्ह्यात पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. त्यामुळे "एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला, आता पोलीस हात लावत नाहीत" असे धरून बसू नका. प्रत्येक वेळी कोठडी कशासाठी हवी, मागच्या कोठडीत काय केले, हे विचारायला तिथे वकील उभा हवा. चौकशीच्या काळात आरोपीला वकिलाची भेट घेता येते (कलम ३८). वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही.

आता कबुलीचे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही (साक्ष्य अधिनियम, कलम २३). मात्र त्याच कलमाच्या परंतुकाने आरोपीच्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली, तर सापडण्याशी थेट संबंध असलेला तेवढा भाग चालतो. "दांडा मी गोठ्याच्या मागे टाकला, दाखवतो" असा मेमोरॅंडम पंचनामा (आरोपीचे सांगणे पंचांसमोर लिहून घेणे) आणि पाठोपाठ जप्ती, ही खुनाच्या खटल्यातली नेहमीची जोडी. म्हणून मेव्हण्याला एवढेच सांगा : काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती राज्यघटनेच्या कलम २०(३) ने करता येत नाही. दंडाधिकाऱ्यांपुढचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ चा कबुलीजबाब मात्र पूर्ण पुरावा आहे. तो वकिलाशी बोलल्याशिवाय देऊ नये. दंडाधिकारी विचारतात, "कोणाचा दबाव आहे का?" त्या वेळी खरे सांगायचे.

आणि हाताची जखम! पुढच्या तारखेला मेव्हण्याने दंडाधिकाऱ्यांना स्वतःच्या तोंडाने सांगावे, की मला विळा लागला आहे, वैद्यकीय तपासणी व्हावी. ते रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवशीच्या नोंदीत) येऊ द्या. अटकेनंतरच्या तपासणीचा अहवाल (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५३) आरोपीला मिळतो, तो मागून घ्या. आरोपीच्या अंगावरच्या जखमेचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, तर साक्षीदार घटनेचा अर्धा भाग लपवत आहेत असा अर्थ काढता येतो (लक्ष्मी सिंग, १९७६). जखम किरकोळ असेल तर हा मुद्दा फार टिकत नाही. पण खोल असेल आणि नोंद असेल, तर स्वसंरक्षणाचा बचावही उभा राहू शकतो : समोरून विळ्याने जीवघेणा हल्ला होत असेल तर मर्यादेत राहून जीव घेण्यापर्यंत तो हक्क जातो (न्याय संहिता, कलम ३८). त्याच बरोबर तुमच्या बाजूची परस्पर फिर्याद दिली आहे का ते पाहा. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, आणि तरीही नाही झाले तर दंडाधिकाऱ्यांकडे.

मोफत वकिलाबद्दल. सरकारी वकील हा सरकार पक्षाचा असतो, तो तुमच्या विरुद्ध उभा राहतो. तुम्हाला हवा तो विधी सेवा प्राधिकरणाचा वकील. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही (विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२). जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, नाहीतर १५१०० वर फोन करा. तुरुंगातूनही अर्ज जातो. बऱ्याच जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील पूर्ण वेळ फक्त फौजदारी बचावाचेच काम करतात. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान १० वर्षे वकिली झालेलाच वकील द्यावा, आणि त्याला तयारीला साधारण किमान ७ दिवस द्यावेत, असे अनोखीलाल खटल्यात (२०१९) सांगितले आहे. दिलेला वकील नवखा असेल तर हा निवाडा दाखवून बदल मागा. भीड धरायचे कारण नाही.

---

न्यायवैद्यक_टेबल

डोक्याला मार आणि नवव्या दिवशी मृत्यू, यात कागद कोणते आणि त्यात काय पाहायचे ते सांगतो. वकील लोक शवविच्छेदन अहवालातले मृत्यूचे कारण वाचतात आणि पान मिटतात. खरे काम बाकीच्या पानांवर असते.

आधी दवाखान्याचे केसपेपर पूर्ण मिळवा, फक्त शवविच्छेदन नाही. दाखल होतानाची शुद्धीची पातळी, मेडिको-लीगल नोंदीतला "कसे लागले" हा रकाना आणि ते कोणी सांगितले, पहिला सीटी स्कॅन, शस्त्रक्रियेच्या नोंदी, मधे रुग्णाला दुसरीकडे हलवले का, स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेले का. पहिल्या नोंदीत "पडून लागले" असे असेल आणि नंतरच्या जबाबात "दांड्याने मारले", तर ते सोन्याच्या मोलाचे. उलटही असू शकते, आणि ते आधीच कळलेले बरे.

मग जखम. स्थिर डोक्यावर दांडा बसला की मेंदूला इजा मुख्यतः फटक्याच्या खाली होते. माणूस मागे पडून डोके जमिनीवर आपटले तर इजा बऱ्याचदा विरुद्ध बाजूला, म्हणजे मागचा भाग आपटून पुढच्या भागात रक्तसाका. म्हणून बाहेरची जखम कुठे, कवटीचा तडा कुठे आणि आतला रक्तसाका कुठे, ही तिन्ही ठिकाणे एका आकृतीवर मांडा. फटका एका बाजूचा आणि जीवघेणी इजा पडल्याने झालेली असे दिसले, तर "हीच इजा करायची होती" या मुद्द्याला धक्का लागतो. पडणे हे फटक्यामुळेच घडले हे सरकार पक्ष म्हणणारच, पण हेतूचा प्रश्न बदलतो. कवटी दबून आत गेली असेल तर जोर जास्त आणि पृष्ठभाग लहान, असा अर्थ सहसा काढला जातो. सरळ रेषेचा तडा पडण्यानेही येतो.

एक गैरसमज फार आहे : "उपचारात हयगय झाली म्हणून मेला, म्हणजे आमचा दोष नाही." असे चालत नाही. कलम १०० च्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे की योग्य उपचारांनी मृत्यू टळला असता तरी इजा करणाराच मृत्यूला कारण धरला जातो. आधीचा आजार असलेल्याचा मृत्यू लवकर आणला तरी तेच. मग नऊ दिवसांचा उपयोग काय? तो "मृत्यूला पुरेशी इजा" या वाक्यात आहे. मृत्यू थेट मेंदूच्या इजेने झाला, की फुप्फुसाचा संसर्ग किंवा जंतुसंसर्ग अशा नंतरच्या गुंतागुंतीने? दुसरे असेल, तर मूळ इजा निसर्गक्रमाने मृत्यूला पुरेशी होती का, हे डॉक्टरला उलटतपासणीत विचारता येते. काही अहवालांत डॉक्टरने ते वाक्य लिहिलेलेच नसते. अशा वेळी बचावाच्या वकिलाने घाईघाईने तोच प्रश्न विचारून सरकार पक्षाची उणीव भरून काढू नये. आधी कागद नीट वाचा, मग ठरवा.

पोलीस दांडा डॉक्टरकडे पाठवून "या हत्याराने ही जखम होऊ शकते का" असे मत घेतात. दांड्याची लांबी, जाडी, वजन अहवालात आहे का ते पाहा. जप्तीच्या वेळी सील केला होता का, रासायनिक विश्लेषणाला कधी गेला, मधे किती दिवस मुद्देमाल कक्षात पडून होता, हेही.

आणि जखमी नऊ दिवस जिवंत होता, तेव्हा त्याचा जबाब घेतला असणारच. तो आता मृत्युपूर्व जबाब म्हणून वाचला जाईल (साक्ष्य अधिनियम, कलम २६). "रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे" असा डॉक्टरचा शेरा नसला म्हणून तो आपोआप फेटाळला जात नाही. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) या निवाड्याने ते ठरलेले आहे. पण त्या तासाची शुद्धीची नोंद केसपेपरमध्ये असते. जबाबाची वेळ आणि ती नोंद शेजारी ठेवून वाचा. रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना दोन पानी जबाब लिहिला गेला असेल तर ते कागदच बोलतात.

---

बांधावरचा_वाद

सर्वांचे आभार. केसपेपरचे कोणी सांगितलेच नव्हते. आणखी दोन गोष्टी. धाकट्या भावाचे काय? आणि समोरच्या घरच्यांशी बोलून, काही रक्कम देऊन मिटवता येईल असे गावातले काही मध्यस्थ म्हणत आहेत. शिवाय पेपरात वाचले होते की पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षेइतका काळ आत काढल्यावर सोडतात, ते लागू होते का?

---

सत्र_खटले

शेवटून सुरू करतो. एक तृतीयांशचा नियम (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७९) फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याला लागू नाही. १०३ ला नाही, आणि १०५ च्या पहिल्या भागातही जन्मठेप आहे. त्यावर भिस्त ठेवू नका. जाता जाता : जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, हेही खरे नाही. ती आयुष्यभराची असते. फाशी होऊ शकत असलेल्या गुन्ह्यातल्या जन्मठेपेत १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सूट मिळत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

मिटवण्याचे : खुनाचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, सदोष मनुष्यवधाचाही नाही. मध्यस्थाने पैसे घेऊन साक्षीदारांकडे जाणे म्हणजे साक्षीदारांवर दबाव. धमकीचा आरोप आला तर न्याय संहितेच्या कलम २३२ चा नवा गुन्हा लागतो आणि मिळालेला जामीनही रद्द होतो. त्या घराकडे सध्या कोणीही फिरकू नका, निरोपही नको. जामीन देताना साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही अशी अट न्यायालये हमखास घालतात.

धाकट्याचे प्रकरण तुलनेने हलके आहे, पण आपोआप सुटणारे नाही. ३(५) म्हणजे समान उद्देश : तो सिद्ध झाला तर हातात काही नसलेल्यालाही मारणाऱ्याइतकीच शिक्षा. केवळ हजर असणे पुरत नाही. त्याने धरून ठेवले का, "मार" म्हणाला का, अडवायला आलेल्याला ढकलले का, हे फिर्यादीत आहे का ते बघा. पहिल्या फिर्यादीत नसून नंतरच्या पुरवणी जबाबात "धाकट्याने पकडले" असे आले असेल, तर ती नंतर घातलेली भर आहे हे उलटतपासणीत सिद्ध करावे लागते. आणि दोघांचा बचाव एकमेकांविरुद्ध जाणार असेल तर दोघांना वेगवेगळे वकील द्या. हा खर्च टाळू नये. "मी मारले नाही, त्याने मारले" असे एकाने म्हणायची वेळ आली, तर एकच वकील दोघांना न्याय देऊ शकत नाही.

जामीन : १०३ मध्ये दंडाधिकारी साधारणपणे जामीन देऊ शकत नाहीत (स्त्री, आजारी किंवा अल्पवयीन आरोपीपुरता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये अपवाद आहे), म्हणून अर्ज सत्र न्यायालयात, तिथे नाकारला तर उच्च न्यायालयात (कलम ४८३). धाकट्याचा अर्ज आधी करावा. मुख्य आरोपीचा अर्ज बऱ्याचदा दोषारोपपत्रानंतर (चार्जशीटनंतर) केला जातो, कारण तेव्हा पुरावा समोर असतो. तपास चालू असताना नाकारणे सोपे जाते. दोघांचा एकत्र अर्ज केला की धाकट्याचे वेगळेपण झाकले जाते.

आता तारीख लिहून ठेवा. पहिला रिमांड ज्या दिवशी झाला तो दिवस धरून ९० दिवस. त्या मुदतीत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क आहे, गुणदोष पाहिले जात नाहीत. पण हक्क मागावा लागतो : मुदत संपल्यावर आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करायचा, आणि जामीनदार तयार ठेवायचा. ९१ व्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताना अर्ज आत हवा. दुपारपर्यंत थांबलात आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आले, तर संधी गेली. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यायचा राहिला म्हणून दोषारोपपत्र अपूर्ण धरत नाहीत, त्यावर विसंबू नका.

दोषारोपपत्र आले की त्याची पूर्ण नक्कल मोफत मिळते. पाने मोजून घ्या. फोटो, पंचनाम्याचे चित्रीकरण आणि सीसीटीव्हीचा डेटा बऱ्याचदा वगळलेला असतो, तसे असेल तर तो वेगळा अर्ज करून मागावा लागतो. शेजारच्या शेतात, रस्त्यावर कुठे कॅमेरा असेल तर त्यासाठी ९० दिवस थांबू नका. बहुतेक यंत्रांत जुने चित्रीकरण काही दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. ते जतन करावे असा अर्ज आजच तपास अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या, आणि कोर्टातही द्या.

प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा (खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा) अर्ज करता येतो (कलम २५०). धाकट्यासाठी तो करण्यासारखा असू शकतो. मेव्हण्यासाठी त्या टप्प्यावर वेगळे मागता येते : आरोप १०३ ऐवजी १०५ खाली निश्चित व्हावा. बहुतेक न्यायाधीश १०३ च ठेवतात, कारण १०३ च्या आरोपावर १०५ ची शिक्षा देता येते (कलम २४५), उलटे जमत नाही. म्हणून १०३ चा आरोप निश्चित झाला यावरून निकालाचा अंदाज बांधू नका.

---

लोकअभिरक्षक_कार्यालय

खाजगी वकील लावणार असाल तर दोन-तीन गोष्टी. सत्र खटल्यात साक्षीदार तपासलेला वकील हवा. जामिनाचे अर्ज करणे आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरची उलटतपासणी करणे ही वेगळी कामे आहेत. खुनाचे किती खटले शेवटपर्यंत चालवले, ते सरळ विचारा. फी टप्प्याटप्प्याने ठरवा : रिमांड व जामीन, उच्च न्यायालयातला जामीन, आणि पूर्ण खटला. पावती घ्या. "सुटला तर इतके" असा करार वकिलाला व्यावसायिक नियमांनी करता येत नाही. "वर सेटिंग आहे" म्हणणाऱ्याकडून उठून या.

त्याला द्यायच्या फाइलमध्ये हवे ते : एफआयआर (संवेदनशील प्रकरणे सोडली तर पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते), रिमांड अर्ज व त्यावरचे आदेश, कलमवाढीचा अहवाल, मेव्हण्याचे वैद्यकीय कागद, बांधाच्या वादाचे मोजणी नकाशे व जुन्या तक्रारी, आणि घटनेच्या वेळी हजर असलेल्या सगळ्यांची नावे, ते कोणाच्या बाजूचे आहेत ते धरून. तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्ट वकिलापासून लपवू नका. ती सरकारी वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा कळली, तर उत्तर तयार नसते. वकिलाला सांगितलेले गोपनीय राहते.

आणि नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर घटनेबद्दल काही लिहू नये. "रागात मारले त्याने, चूक झाली" असा सहानुभूतीचा निरोपही फोन जप्त झाला की पुराव्यात येतो.

---

बांधावरचा_वाद

समजले. एक शेवटचे : मेव्हणा कोठडीत असताना वकीलपत्रावर सही कशी घ्यायची?

---

लोकअभिरक्षक_कार्यालय

पोलीस कोठडीत असेपर्यंत, तारखेला कोर्टात आणतात तेव्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन तिथेच सही होते. न्यायालयीन कोठडीत गेल्यावर वकीलपत्र तुरुंग अधीक्षकांकडे द्यायचे. ते बंद्याची सही किंवा अंगठा घेऊन शिक्क्यानिशी साक्षांकित करून परत देतात. याला एक-दोन दिवस जातात, म्हणून दोघांची दोन वेगळी वकीलपत्रे पुढच्या तारखेलाच सोबत न्या.